चलाताईची रेघ

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक लांबलचक कॉरिडॉर आहे. तिथे रोज सकाळी साडेआठला एक बाई "चला!" असं खणखणीत ओरडते. तिला सगळे चलाताई म्हणतात. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर आहे आणि सासूबाईंना ठाऊक आहे. पण कागद बोलत नाही, आणि सासूबाई "अगं ए" एवढ्यावरच भागवतात.

चलाताई सत्तेचाळीस वर्षांची. बावीस वर्षांपूर्वी ती इथे स्ट्रेचर ढकलायला लागली. शिक्षण बेताचं, पण डोळे आणि कान असे की वॉर्डातल्या नर्सनी त्यांचा धसका घ्यावा. पेशंट खाटेवरून उठून संडासापर्यंत जाईपर्यंत किती वेळा थांबला, झोपताना उशा किती घेतल्या, कालचे मोजे आज का रुतले, हे तिला न विचारता कळायचं. अकरा वर्षांपूर्वी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं आणि म्हणाले, "स्ट्रेचर ढकलायला दुसरं कुणी मिळेल. तू माणसं चालव." सहा महिने त्यांनी तिला शिकवलं, परीक्षा घेतली, हातात स्टॉपवॉच दिलं. त्या दिवसापासून कॉरिडॉर चलाताईचा झाला. तिथून मंत्री गेला असता तरी तिने त्याला भिंतीकडेने जायला लावलं असतं.

तिच्या वर्गात तीन जातींची माणसं. हृदयवाले, म्हणजे ज्यांचं हृदय दमलंय आणि रक्त नीट उपसत नाही, म्हणून अंगात पाणी साचतं. त्यांच्या पायांना सूज येते, आडवं झालं की श्वास अडतो. दुसरे फुप्फुसवाले, बहुतेकांनी आयुष्यभर धूर ओढलेला किंवा गिळलेला. तिसरे पायवाले, यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या इतक्या अरुंद झालेल्या की शंभर पावलं चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की जातो. तिघांचं औषध वेगळं, पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी: चालायचं. रोज, मोजून, आणि वहीत लिहून.

वहीवर चलाताईचा फार जीव. हृदयवाल्यांनी सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. फोन करायचा आणि निघून यायचं. फुप्फुसवाल्यांनी पंपाचे किती झुरके घेतले ते लिहायचं. एक बस कंडक्टर होते. त्यांची वही इतकी चोख की चलाताई ती बाकीच्यांना दाखवायची. दिवसाला दोन कॅप्सूल, एक चुकली म्हणून नाही. आणि दम मात्र तसूभर कमी नाही. दोन महिन्यांनी तिने विचारलं, "घेता कशी, दाखवा बघू." कंडक्टरांनी खिशातून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी प्यायले. ज्या यंत्रात घालून ती ओढायची, ते यंत्र त्यांच्या घरी खोक्यात कोरंकरकरीत पडलं होतं. तेव्हापासून चलाताईने नियमच केला: सांगू नका, करून दाखवा. पुढे जे घडलं ते हाच नियम तिने स्वतःला लावला नाही म्हणून.

तिची खरी शान म्हणजे ती रेघ. जमिनीवर पिवळी चिकटपट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोब्बर तीस मीटर, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू, मध्ये दमलेल्यासाठी खुर्ची. वर्गात येताना एकदा आणि आठ आठवड्यांनी एकदा, अशी प्रत्येकाची परीक्षा. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. बरोबर कुणी चालायचं नाही, कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. सुरुवातीला एक "चला!", आणि मग दर मिनिटाला चलाताईने सपाट आवाजात एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं: "छान चाललंय, अजून पाच मिनिटं." मग चार, मग तीन. तिच्यासारख्या बाईला सहा मिनिटं गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. पण नियम म्हणजे नियम. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी, अशा फेऱ्या मोजायच्या, उरलेलं अंतर अर्ध्या मीटरच्या फरशा मोजून वर धरायचं, आणि आकडा वर्गाच्या नोंदवहीत लिहायचा. डॉक्टर त्या आकड्यावर औषध वाढवत, कमी करत, कुणाला कामावर जायची मोकळीक देत. "चलाताईचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं ते एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. ते वाक्य चलाताईने घरी नवऱ्याला निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल. तो बिचारा सुतार. मोजमापाचं कौतुक त्याला ऐकवून उपयोग नव्हता, पण ऐकून घेत होता.

टेलरबाई तिच्या वर्गात आल्या त्या हृदयवाल्यांत. वय अठ्ठावन्न. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान, हाताखाली दोन मुली. हृदयाचं दुखणं निघाल्यापासून चार महिने दुकान बंद. मुली दुसरीकडे कामाला लागतील अशी त्यांना रोज धास्ती. बाई बोलायला कमी, पण कामाला चोख. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, "आठ आठवड्यांत तीस मीटर वाढवून दाखवा, अर्धा दिवस दुकान उघडायची परवानगी देतो." टेलरबाईंनी ते असं मनावर घेतलं की बस. पहिल्या परीक्षेत त्या आठ फेऱ्या आणि वर चोवीस फरशा चालल्या होत्या. दोनशे बावन्न मीटर. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहून ठेवलं: दोनशे ब्याऐंशी.

आठ आठवडे त्यांनी मीठ तोडलं, पाणी मोजून प्यायल्या, गोळ्या घड्याळ लावून घेतल्या आणि सकाळ-संध्याकाळ गच्चीवर पंधरा-पंधरा मिनिटं चालल्या. परीक्षेच्या दिवशी नवी साडी नेसून आल्या. दोन्ही मुलींना त्यांनी सांगून टाकलं होतं की सोमवारी दुकान उघडतंय.

"चला!"

टेलरबाई चालल्या. सुरेख चालल्या. एकदाही खुर्चीवर बसल्या नाहीत. सहा मिनिटं संपली तेव्हा आठ फेऱ्या झाल्या होत्या, आणि वर छत्तीस फरशा. चलाताईने आकडा मांडला, परत मांडला. दोनशे अठ्ठावन्न.

"सहा मीटर," ती म्हणाली.

"किती?"

"सहा मीटर वाढलेत, बाई. आठ आठवड्यांत सहा."

टेलरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या म्हणाल्या, "अगं, पण मला तर खूप बरं वाटतंय. आता जिना चढताना मी एकदाच थांबते."

इथे चलाताईचा स्वभाव आडवा आला. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा असं झालं होतं. सगळ्यांच्या वह्या चालण्याने भरलेल्या, आणि आकडे जागच्या जागी. तिच्या डोक्यात तिडीक गेली. बाकावर सात-आठ माणसं बसलेली असताना ती म्हणाली, "बरं सगळ्यांनाच वाटतं हो. वहीत रोज दोनदा चालल्याचं लिहिलंय तुम्ही. वही खोटं बोलेल, रेघ नाही बोलत." आणि नोंदवहीतल्या टेलरबाईंच्या पानावर तिने लाल शाईने लिहिलं: घरी चालत नाहीत.

 टेलरबाईंनी चपला घातल्या, पदर सावरला आणि गेल्या. आकडा बघून डॉक्टरांनीही "अजून थोडं थांबू" असा शेरा मारला. सोमवारी दुकान उघडलं नाही. त्यानंतर टेलरबाई वर्गाला आल्या नाहीत. चलाताईने दोनदा फोन केला, तो उचलला गेला नाही. "रुसल्या असतील," असं म्हणून तिने सोडून दिलं.

याला दहा दिवस झाले आणि मग पोस्टमनकाकांनी तोंड उघडलं.

काका पायवाल्यांतले. बत्तीस वर्षं त्यांनी दारोदार पत्रं वाटली आणि तेवढीच वर्षं विड्या ओढल्या. विड्या सुटल्या, सवयी सुटल्या नाहीत. त्यातली एक म्हणजे पावलं मोजणं. कुठल्या दारापासून कुठलं दार किती पावलांवर, हे अजून त्यांना झोपेत सांगता येतं. त्या सकाळी चार फेऱ्या मारून, पोटरी धरून ते बाकावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "चलाताई, एक विचारू? म्हातारपणी माणसाचं पाऊल आखूड होतं का?"

"होतं थोडं. का?"

"नाही, सहज. आधी मला एका फेरीला पंचेचाळीस पावलं लागायची. आता एकोणपन्नास लागतात. कधी पन्नास."

"आखूड टाकत असाल. दुखतं म्हणून."

"तेच मला वाटलं. महिनाभर मनात ठेवलं. म्हटलं, पाय जायला लागले बहुतेक, कशाला कुणाला सांगा." काकांनी मान वर केली. "पण परवा मी घरापासून कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत गेलो. पूर्वी दोनशे बारा पावलं. परवाही दोनशे बारा. काल परत मोजलं. दोनशे बारा. म्हणजे तिकडे पाऊल तेवढंच आहे हो. इथेच काय ते आखूड होतंय."

चलाताई हसायला लागली होती. तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

तिने कॉरिडॉरकडे पाहिलं. या टोकाला खिडकीजवळचा खांब. तिथून रेघ सुरू. त्या टोकाला सूचनाफलक. तिथे रेघ संपते. अकरा वर्षं रेघ फलकाखालीच संपत आली होती. पाच-सहा आठवड्यांपूर्वी भिंती रंगवल्या तेव्हा रंगाऱ्यांनी पिवळी पट्टी खरवडून काढली होती. काम झाल्यावर तिने स्वतः गुडघ्यावर बसून नवी पट्टी लावली होती. खांबापासून थेट फलकाखाली. मोजली नव्हती. मोजायची काय? फलकाखाली म्हणजे तीस मीटर, हे तिला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं.

आणि आता तिला दिसलं की फलक जिथे असायचा, तिथे आग विझवायच्या नळकांड्याची लाल पेटी बसवली आहे. फलक पुढे सरकलाय.

"टेप!" चलाताई ओरडली. "कुणाकडे टेप आहे? टेप आणा!"

वायरमनची खोली कॉरिडॉरच्या कोपऱ्यावरच. तो डबा खायला बसला होता. चलाताईने आत शिरून त्याच्या कमरेचा पाच मीटरचा स्टीलचा टेप सरळ काढून घेतला, तो "अहो, अहो" करेपर्यंत ती बाहेर. मग ती जमिनीवर बसली. काकांनी टेपचं टोक खांबापाशी धरलं. कंडक्टर आपला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ओढत आले आणि खडूने खुणा करायला लागले. पाच. दहा. पंधरा. बाकावरची माणसं उठून मागे मागे यायला लागली. वीस. पंचवीस. तीस आले तेव्हा चलाताईचं नाक लाल पेटीच्या बरोबर खाली होतं, आणि पिवळी पट्टी तिच्या पुढे अजून खुशाल पसरलेली होती. तिने टेप पुढे टाकला. एक मीटर. दोन. तीन.

"तेहतीस," कंडक्टर म्हणाले, आणि त्यांना दम लागला तो चालून नव्हे.

"म्हणजे माझं पाऊल..." काका म्हणाले.

"तुमचं पाऊल ठणठणीत आहे हो! माझीच रेघ खोटं बोलत होती!"

काका तिथल्या तिथे तीन पावलं नाचले. पायवाल्या माणसाने नाचावं तेवढे. बाकावर एकच गलका उडाला. चलाताईने नोंदवही ओढली आणि भिंतीला टेकून मांडी घालून हिशेब करायला बसली. प्रत्येक फेरीला तीन मीटर जास्त. काका, दहा फेऱ्या, म्हणजे वर तीस! कंडक्टर, नऊ फेऱ्या, सत्तावीस! "माझं बघा, माझं बघा," असं जो तो म्हणायला लागला. गेल्या पाच आठवड्यांत परीक्षा दिलेला एकूण एक माणूस पुढे गेलेला होता. चलाताईच्या अंगावर आनंदाने काटा आला. वर्ग चालला होता. सगळे खरे होते. एकाचीही वही खोटी नव्हती.

मग टेलरबाईंचं पान आलं. आठ फेऱ्या. आठ त्रिक चोवीस. दोनशे अठ्ठावन्न आणि चोवीस.

दोनशे ब्याऐंशी.

त्याच्या खाली लाल शाईत तिचंच अक्षर होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.  बाई रुसलेल्या नाहीत, तिला एकदम कळलं. इतकं करून सहाच मीटर, असं समजून त्या घरी बसल्यात. आणि माणूस असा बसला की आधी काय सोडतो, ते तिला अकरा वर्षांत पुरतं माहीत झालं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत पेशंट होता. तिने दार ढकललं. "साहेब, माझी रेघ चुकली."

"किती?"

"तीन मीटर. रंगकामापासून. टेलरबाईंचे तीस पुरे होते. दहा दिवस त्या आल्या नाहीत, फोन घेत नाहीत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. क्षणभर ते फार रागावलेले दिसले, मग म्हणाले, "मग तू इथे काय करते आहेस?"

पडत्या फळाची आज्ञा. चलाताई निघाली. रिक्षा मिळेना, तेव्हा चालत सुटली. आणि माणसं चालवणारी बाई स्वतः चालायला लागली की कशी चालते ते त्या दिवशी रस्त्याने पाहिलं. भाजीवाल्यांच्या मधून, शाळेच्या फाटकावरून, सिग्नलला न थांबता. वायरमनचा टेप तिच्या मुठीतच राहिला होता. टेलरबाई राहायच्या ती चार मजली इमारत, खाली औषधांचं दुकान, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर दार सुनेने उघडलं.

"कोण तुम्ही?"

"हॉस्पिटलातून. चालवते मी. बाई कुठेत?"

"तुम्हीच का त्या?" सुनेचा आवाज धारदार झाला. "चारचौघांत त्यांना खोटारडं म्हणालात ना? दहा दिवस धड बोलत नाहीत त्या आमच्याशी."

"म्हणाले. चुकले. आत येऊ दे मला."

टेलरबाई खुर्चीत बसल्या होत्या. रात्रीही तिथेच बसतात, सून म्हणाली, आडवं होववत नाही म्हणतात. चलाताईने आधी चेहरा पाहिलाच नाही, पाय पाहिले. घोट्यावर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला. वजनाचा काटा पलंगाखाली ढकललेला होता, त्यावर धूळ. खिडकीत गोळ्यांचा आठवड्याचा डबा, सगळे कप्पे भरलेले.

"कधीपासून बंद केल्यात?"

"त्या दिवसापासून," टेलरबाई म्हणाल्या. दोन शब्दांना त्यांना दोन श्वास लागले. "उपयोग काय गं? सगळं केलं. तू म्हणालीस तसं. सहा मीटर."

सून मटकन पलंगावर बसली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

चलाताई जमिनीवर बसली आणि तिने टेप वर धरला.  "बाई, तीस मीटर. तुम्ही तीस मीटर वाढवले होते. एकही कमी नाही. रेघच तेहतीसची झाली होती. मी लावली होती ती, न मोजता. तुम्ही सगळं खरं लिहिलंत. मी खोटी."

"दोनशे ब्याऐंशी?"

"दोनशे ब्याऐंशी."

"म्हणजे सोमवारी दुकान..."

"उघडायला हवं होतं. माझ्यामुळे नाही उघडलं." चलाताईचे डोळे भरून आले होते, पण हात कामाला लागले होते. "आता मला शिव्या द्यायच्या तर हॉस्पिटलात द्या. काट्यावर उभ्या राहा बघू आधी."

तीन किलो वाढले होते. तिने डॉक्टरांना फोन लावला. आकडा ऐकून ते म्हणाले, "लगेच आण. एकही पायरी चालवू नकोस."

अँब्युलन्स खाली येऊन थांबली, पण तिच्यातलं स्ट्रेचर त्या अरुंद जिन्यात वळेना. तिथे चलाताईची जुनी विद्या कामाला आली. तिने हात्याची भक्कम खुर्ची निवडली, टेलरबाईंना चादरीने खुर्चीला बांधलं, खालच्या औषधाच्या दुकानातून दोन दांडगे कामगार हाक मारून वर आणले. "तोंड जिन्याकडे, पाठ मागे कलती. पुढच्याने पाय धरायचे, मागच्याने पाठ. वळणावर मी सांगीन तेव्हाच उचलायचं. घाई केलीत तर बघा." एकेक मजला, एकेक वळण. दारादारांत शेजारी उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावर टेलरबाई धापा टाकत म्हणाल्या, "अगं, माझी वही." सून वही आणायला परत वर धावली.

पाच दिवस त्या हॉस्पिटलात होत्या. पाणी काढायचं औषध शिरेतून दिलं, चौथ्या दिवशी वजन तीन किलोंनी खाली आलं, पाचव्या रात्री त्या दोन उशांवर आडव्या झोपल्या. चलाताई रोज सकाळी वर्ग सुरू होण्याआधी जाऊन उभी राहायची. टेलरबाई बोलायच्या, पण कामापुरतं. लाल शाईचं नाव त्यांनीही काढलं नाही आणि चलाताईचीही हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी मात्र तिने भिंतीला टेकून बसून केलेला हिशेब पूर्ण स्टाफसमोर ठेवला आणि म्हणाले की यापुढे दर महिन्याला रेघ मोजायची, आणि मोजणाऱ्याने सही करायची. चलाताईने मान खाली घालून पहिली सही केली. घरी नवऱ्याला तिने हेही सांगितलं. तो म्हणाला, "फळी कापण्याआधी मी रोज मोजतो. तीच फळी असली तरी." तिला त्याचा असा राग आला, आणि त्याचं असं पटलं.

टेलरबाई पुन्हा वर्गात आल्या. आधी पाच मिनिटं, मग सात, मग दहा. सहा आठवड्यांनी परीक्षेचा दिवस ठरला. त्या सकाळी बाकावर बसायला जागा नव्हती. काका, कंडक्टर, ज्यांचा वर्ग नव्हता तेही आले होते. चलाताईने नवीन पट्टी लावली होती, वायरमनच्या टेपने तीनदा मोजून.

टेलरबाईंनी पिशवी उघडली आणि आपला शिवणकामाचा टेप काढला. कापडी, कडा विरलेल्या, दीडशे सेंटीमीटर.

"वीस टेपा भरल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या. "मला वाकायचं नाही. तू वाक."

चलाताई वाकली. खांबापासून टेप अंथरत, खडूने खूण करत, गुडघ्यांवर पुढे पुढे सरकत राहिली, आणि टेलरबाई बाजूने संथ चालत मोठ्याने मोजत राहिल्या. सतरा. अठरा. एकोणीस. विसाव्या टेपाचं टोक पट्टीच्या टोकाला असं भिडलं की मधे नखही जाऊ नये. टेलरबाईंनी ते नीट वाकून नव्हे, पण नीट बघून घेतलं.

"नोंदवही काढ," त्या म्हणाल्या. "ते लाल खोड."

चलाताईने सगळ्यांसमोर लाल ओळ खोडली, खाली लिहिलं, "रोज चालल्या होत्या. चूक माझी," आणि सही केली. लिहिताना अक्षरं पुसट दिसायला लागली होती. टेलरबाई रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या, बोटाला चिमटी लावून. चलाताई अजून डोळेच पुसत होती. मग टेलरबाईच म्हणाल्या, "चला!" आणि निघाल्या.

नऊ फेऱ्या झाल्या, दहावी सुरू झाली, आणि काका हळूच म्हणाले, "चलाताई, अजून पाच मिनिटं, चार मिनिटं, काहीच म्हणाला नाहीत?"

चलाताईने हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं. शून्य. तिने ते सुरूच केलं नव्हतं.

 टेलरबाई थांबल्या, परत आल्या, घड्याळ पाहिलं, चलाताईचा रडवेला चेहरा पाहिला. आणि हसायला लागल्या. खुर्चीवर बसून, पदर तोंडाला लावून हसल्या. मग बाक हसला, कंडक्टरांना हसून ढास लागली, त्यांना पंप द्यावा लागला. हसू ओसरल्यावर टेलरबाई म्हणाल्या, "अर्धा तास बसते. मग परत चालते. आता तरी नीट मोज गं बाई."

अर्ध्या तासाने त्या परत चालल्या. चलाताईने दर मिनिटाला ठरलेलं वाक्य सपाट आवाजात म्हटलं, आणि आवाज सपाट ठेवताना तिची कोण तारांबळ उडाली. नऊ फेऱ्या आणि वर सव्वीस फरशा. ती फरशा दोनदा मोजून आली. दोनशे त्र्याऐंशी.

"एक जास्त," टेलरबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिथेच, उभ्या उभ्या, अर्ध्या दिवसाची परवानगी लिहून दिली. टेलरबाईंनी कागद घडी करून वहीत ठेवला. मग गळ्यातला टेप काढून त्या चलाताईच्या समोर आल्या. "नीट उभी राहा. हात बाजूला."

"कशाला?"

"सोमवारी दुकान उघडतंय. पहिला कोट तुझा. अकरा वर्षं त्या ढगळ कोटात फिरतेस, बघवत नाही." त्यांनी खांदा मोजला, बाही मोजली, छाती मोजली, दरवेळी आकडा मोठ्याने म्हटला आणि काकांना लिहायला लावला. मग खिशापाशी हात धरून जरा विचार केला.

"उजवा खिसा मोठा ठेवते," त्या म्हणाल्या. "टेप मावला पाहिजे."